बाळंतपणानंतरचं नैराश्य: वस्तीत मदतगट उभा करताना काय आधी, काय नंतर

नागपुरात मदतीला धावणाऱ्या माणसांचा तुटवडा नाही. महिला मंडळ, बचत गट, भजनी मंडळ, फ्लॅट स्कीमचा ग्रुप, काही ना काही प्रत्येक वस्तीत आहे. अमक्याची सून बाळंतपणापासून नुसती रडून राहिली, असं कानावर आलं की संध्याकाळी चार जणी तिच्या दारात हजर. सोबत डिंकाचे लाडू, चार जणींचे चार सल्ले आणि निघताना "आता हसायचं हं, बाळासाठी!" दुसऱ्या दिवसापासून ती बाई खोलीबाहेर येत नाही आणि सासू सांगते, "झोपली आहे."

ही मदत फसते ती क्रमामुळे. पाठीशी डॉक्टर नाही, गाडी नाही, कोण बोलणार ते ठरलेलं नाही, त्या आईला विचारलेलं नाही आणि सुरुवातच सल्ल्याने. त्यामुळे खालचे टप्पे आहेत त्याच क्रमाने घ्या. पहिले तीन टप्पे कुणाच्याही घरी न जाता करायचे आहेत. ते कंटाळवाणे आहेत आणि नेमके तेच गाळले जातात.

## टप्पा १: आधी पाठीमागची सोय

गटाने उपचार करायचे नाहीत. घरातला भार हलका करणं आणि आईला डॉक्टरपर्यंत पोचवून पुढेही सोबत राहणं, एवढंच गटाचं काम. म्हणून पोचवायचं कुठे, हे पहिल्या भेटीच्या आधी कागदावर हवं.

एका पानावर या गोष्टी लिहा:

१. मानसोपचाराच्या दोन जागा. सरकारीत मेडिकल आणि मेयो ही दोन वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं, आणि मिहानमधलं एम्स, इथे मानसोपचार विभाग आहेत. शिवाय प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. वस्तीला जवळची एक जागा पक्की करा, दुसरी पर्याय म्हणून ठेवा. ओपीडीचे दिवस आणि केसपेपर निघण्याची वेळ स्वतः जाऊन विचारून या. फोनवर मिळालेली माहिती जुनी निघते.

२. बाळंतपण जिथे झालं तिथले स्त्रीरोगतज्ज्ञ. बऱ्याच घरांना "मानसोपचार" हा शब्द पचत नाही, पण "डागात (म्हणजे डागा या सरकारी स्त्री रुग्णालयात) दाखवून येऊ" हे सहज पचतं. तिथून पुढची चिठ्ठी मिळू शकते.

३. वस्तीच्या आशाताई आणि जवळचं नागरी आरोग्य केंद्र. दवाखान्यात प्रसूती झाली असेल तर आशाताईंच्या घरभेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी ठरलेल्या असतात. तुमची भेट त्याच दिवशी ठेवू नका. एका दिवशी दोन पथकं आली की घर वैतागतं.

४. फोन नंबर: टेलि-मानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची फोनसेवा, १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतून बोलता येतं. रुग्णवाहिकेसाठी १०८. मारहाण होत असेल तर १८१ किंवा ११२.

५. दोन गाड्या. एक गटातल्या कुणाची, दुसरी ओळखीच्या ऑटोवाल्याची, जो रात्री अकरालाही येईल. त्याला आधीच विचारून ठेवा.

६. एक जाणकार व्यक्ती, म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ, समुपदेशक किंवा मनोविकार समाजकार्य शिकलेलं कुणी, जी दर पंधरा दिवसांनी एक तास गटाशी बोलेल. अशी व्यक्ती मिळत नसेल तर घरभेटी सुरू करू नका. तोवर फक्त डबे पोचवा. तीही मदतच आहे.

तपासा: मध्यरात्री दीड वाजता एखाद्या नवऱ्याचा फोन आला, "ती काहीतरीच बोलून राहिली, बाळाला घेऊन गच्चीवर चालली." कोण फोन उचलेल, कोण गाडी काढेल, कुठे नेणार? तिन्ही उत्तरं एका मिनिटात मिळत नसतील तर पुढच्या टप्प्याला हात लावू नका.

## टप्पा २: माणसं निवडणं

सहा ते आठ जणी पुरतात. जोडीने काम करायचं आणि एका जोडीकडे एका वेळी जास्तीत जास्त दोन घरं. गटात एखाद-दोन पुरुष हवेतच. ते कशासाठी, हे टप्पा ९ मध्ये येईल.

जी ऐकताना मधे बोलत नाही ती निवडा. हे तपासायला सोपी युक्ती आहे. तिला पाच मिनिटं एक अडचण ऐकवा आणि तोंडातून पहिलं वाक्य काय येतं ते पाहा. "माझ्या वेळी तर..." आलं की तिला डब्यांच्या कामाला घ्या, घरभेटीला नको. आमच्या वेळी सात बाळंतपणं झाली आणि कुणी रडलं नाही, हे वाक्य आजारी आईला औषधाइतकं लागू पडतं, फक्त उलट्या दिशेने.

या कुणालाही घरभेटीला पाठवू नका: त्या घरचे नातेवाईक, त्याच मजल्यावरच्या शेजारीण, भिशीत पैसे अडकलेल्या, सासूच्या खास मैत्रिणी आणि गेल्या वर्षभरात स्वतः याच आजारातून गेलेल्या. शेवटच्यांना वाईट वाटेल. तरी थांबवा, कारण जुनी जखम अशा भेटीत उसवते.

## टप्पा ३: दोन अर्ध्या दिवसांची तयारी

पहिल्या अर्ध्या दिवसात फक्त ओळखायला शिकायचं. तीन अवस्था वेगळ्या करता आल्या पाहिजेत.

*बाळंतपणातलं रडवेपण.* दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होतं, उगाच रडू येतं, क्षणात हसू येतं, आणि दहा ते चौदा दिवसांत ओसरतं. बहुतेक बायकांना होतं. आराम आणि सोबत पुरते.

*नैराश्य.* दोन आठवड्यांच्या वर टिकतं. गरोदरपणातच सुरू झालेलं असू शकतं आणि बाळ वर्षाचं होईपर्यंत कधीही डोकं वर काढतं. बाळ झोपलेलं असतानाही झोप न लागणं, कशात मन नसणं, "मी वाईट आई आहे" हा धोशा, बाळाबद्दल काहीच न वाटणं किंवा त्याच्या काळजीने सतत जीव घाबरणं, चिडचिड, अंगदुखी. रडू येईलच असं नाही. आपल्याकडे पुष्कळ जणी मनाचं सांगतच नाहीत. डोकं दुखतं, कंबर धरली, हातपाय गळाले, असंच सांगतात. भारतातल्या अभ्यासांची २०१७ मध्ये झालेली एकत्रित मांडणी हे प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास सांगते. म्हणजे पाच बाळंतिणींमागे एक.

*प्रसूतीपश्चात मनोविकृती.* दर हजार बाळंतपणांत एक-दोन, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत. दोन-तीन रात्री झोप नाही तरी अंगात उत्साह, तासातासाला बदलणारं वागणं, गोंधळ, आवाज ऐकू येणं, बाळ आपलं नाही किंवा त्याच्यात कुणी शिरलंय असं वाटणं.

इशारा: तिसऱ्या अवस्थेत "उद्या ओपीडीला जाऊ" चालत नाही. त्याच दिवशी, त्याच तासाला मोठ्या रुग्णालयाच्या आकस्मिक विभागात न्या. तोवर आईला एकटं सोडायचं नाही आणि बाळाला तिच्याजवळ एकटं ठेवायचं नाही. "बाहेरचं झालंय" म्हणून घरचे कुणाकडे नेत असतील तर वाद घालत बसू नका. "तेही करा, पण आधी दवाखाना" एवढंच म्हणा आणि गाडी काढा.

दुसरा अर्धा दिवस सरावाचा. एक आई, एक सासू, दोन भेट देणाऱ्या. सासूचं काम करणारीला मोकळं सोडा. नागपूरच्या सासवांचा अभिनय कुणाला शिकवावा लागत नाही. प्रत्येक जोडीने तीन प्रसंग करायचे: दारातच नकार, आई गप्प, आणि आई म्हणते "मला जगावंसं वाटत नाही". तिसरा प्रसंग दोनदा करा. पहिल्यांदा बहुतेक जणी घाबरून विषय बदलतात.

गुप्ततेचे नियम याच दिवशी लिहून सह्या घ्या. व्हॉट्सअॅपवर नाव नाही, फोटो नाही, बाळाचाही नाही. वहीत नावाऐवजी क्रमांक. वही एकाच घरी, कुलपात. आजाराची माहिती गुप्त राहणं हा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ ने रुग्णाला दिलेला हक्क आहे. वस्तीत एकदा गोष्ट फुटली की पुढची दहा घरं तुम्हाला दार उघडत नाहीत, हे व्यवहाराचं कारण वेगळंच.

## टप्पा ४: संमती आणि पहिली भेट

संमती आईची. नवऱ्याने बोलावलं, सासूने बोलावलं, आशाताईंनी सुचवलं, तरी आईने स्वतः हो म्हटल्याशिवाय दुसरी भेट नाही. पहिली भेट तिला विचारण्यासाठीच असते.

दोघीच जा, वीस मिनिटांत निघा. वेळ ठरवताना बाळाच्या आंघोळी-मालिशीचा वेळ टाळा आणि एप्रिल-मे असेल तर सकाळी दहाच्या आत किंवा सहानंतर. पंचेचाळीस अंशांच्या दुपारी बेल वाजवणाऱ्या पाहुण्यावर कुणीच प्रेम करत नाही. बारशाच्या आदल्या आठवड्यात जाऊ नका, घर पाहुण्यांनी भरलेलं असतं.

घरात शिरल्यावर क्रम असा:

१. आधी सासूशी किंवा माहेरी असेल तर तिच्या आईशी दोन मिनिटं. "काकू, तुम्ही किती दिवसांपासून धावपळ करून राहिल्या! थोडा हातभार लावायला आलो." तिला बाजूला सारून आत गेलात तर पुढे ती दारच अडवेल. खरं तर तीही थकलेली असते.

२. मग जोडीतली एक तिच्याजवळच बसते, स्वयंपाकघरात किंवा बाहेर. दुसरी आईकडे जाते. एकटीने दोन्ही सांभाळता येत नाही, म्हणून तर जोडी.

३. आईला पहिलं वाक्य बाळाबद्दलचं नको. "ताई, बाळाला पाहायला सगळेच येतात, मी तुम्हाला भेटायला आले. झोप होते का?" झोपेचा प्रश्न कुणालाच टोचत नाही आणि उत्तरात बरंच काही येतं.

४. मग विचारा: "आम्ही दोघी आठवड्यातून दोनदा येऊ का? तासभर. काय करायचं ते तुम्ही सांगा. नको वाटलं तर कधीही नको म्हणा." ती "घरच्यांना विचारा" म्हणाली तर ते हो नव्हे. तुमचा नंबर एका चिठ्ठीवर ठेवा, आठ दिवसांनी एकदाच विचारा.

पहिल्या भेटीत बाळाला उचलू नका, वजन विचारू नका, "दूध पुरतं का?" तर मुळीच नको. मुलगी झाली असेल तर "लक्ष्मी आली" असं म्हणून घरच्यांकडे पाहू नका; मुलगा हवा होता हे दडपण ज्या घरात असतं तिथे हे वाक्य सांत्वनासारखं ऐकू येतं.

तपासा: बाहेर पडल्यावर दोघींनी वेगवेगळं लिहा: आई किती बोलली, डोळ्याला डोळा दिला का, घरात निर्णय कोणाचा, मारहाणीची शंका आहे का, रात्री बाळ कोण घेतं. मग जुळवा. दोघींच्या लिहिण्यात फरक असेल तर तो जाणकारांशी बोला.

नोंदणीच्या वेळी दोन पत्ते घ्या, सासरचा आणि माहेरचा. बाळंतपणाला काटोल, उमरेड किंवा भंडाऱ्याला गेलेली मुलगी दोन-तीन महिन्यांनी नागपूरला सासरी परत येते, आणि इथे साखळी तुटते. माहेरच्या गटाला वाटतं ती बरी होऊन गेली. सासरच्यांना काही माहीतच नसतं. परतीच्या आठवड्यात तिच्या आईची मदत एकदम थांबते, म्हणून त्या आठवड्यात दोन भेटी आणि दोन फोन ठरवूनच ठेवा.

## टप्पा ५: हाताचं काम, आणि सगळ्यात आधी झोप

पहिले दोन आठवडे बोलण्यापेक्षा हात जास्त चालले पाहिजेत. तिन्ही कामं सारखी महत्त्वाची नाहीत: झोप, मग जेवण, मग सोबत.

झोप. तुटक आठ तासांपेक्षा सलग चार-पाच तास जास्त उपयोगी पडतात. ते कुठून काढायचे, हे नवरा आणि सासूसोबत कागदावर मांडा. अंगावर दूध पाजणाऱ्या आईच्या घरी चालणारी पद्धत अशी: रात्री नऊला आई पाजते आणि झोपते. पुढचं पाजणं आलं की बाळाला तिच्याजवळ आणून द्यायचं, आणणाऱ्याने जागं राहून शेजारी बसायचं, पाजून झालं की बाळ लगेच घ्यायचं. ढेकर, लंगोट, झोपवणं हे सगळं दुसऱ्याने. आईचं जागरण दीड तासावरून वीस मिनिटांवर येतं. एक पाजणं पूर्ण वगळायचं असेल तर काढलेलं दूध वाटी-चमच्याने देता येतं. ते पंचवीस अंशांपर्यंतच्या खोलीत साधारण चार तास टिकतं. पण नागपूरच्या उन्हाळ्यात तसली खोली कुठली? झाकून फ्रिजच्या आतल्या भागात ठेवा आणि चोवीस तासांत वापरा.

दुपारी तुमची पाळी. एक ते तीन, एक जण बाळाजवळ, आई दुसऱ्या खोलीत, तिचा फोन तुमच्याकडे, बेल बंद. "बाळ झोपलं की झोपा" हा सल्ला देऊ नका. नैराश्यात नेमकं तेच जमत नाही. झोप न लागता नुसती पडून राहिली तरी चालेल. सलग तीन-चार रात्री बाळ सांभाळणारं माणूस असूनही झोप लागत नसेल तर ते डॉक्टरला सांगायचं लक्षण आहे. वहीत लिहा.

सव्वा महिन्याच्या बंद खोलीचा प्रश्न येईल. मे महिन्यात खिडक्या बंद, शेगडी पेटलेली आणि आई घामाने निथळतेय. शेक बंद करा असं थेट म्हटलंत की भांडण. "शेक सकाळी घेऊ, दुपारी खिडकी उघडू, कूलरची हवा बाळावर थेट नको" अशी वाटाघाट बहुधा मान्य होते.

जेवण. डबा पाठवताना पथ्य आधी घरच्यांना विचारा, नाहीतर तुमचं सांबार तसंच परत येईल. वरण-भात, भाकरी, पालेभाजी, आळिवाची खीर यांवर वाद होत नाही. मोठी तांब्याभर पाण्याची बाटली पाजण्याच्या जागेजवळ ठेवा. बाळंतपणानंतर १८० दिवस लोहाची गोळी रोज घ्यायची असते, ती घरोघरी कपाटात पडून असते. चहासोबत किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेतली तर अंगी लागत नाही, म्हणून लोह एका वेळी, कॅल्शियम दुसऱ्या वेळी. आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाळा आहे म्हणून पाणी द्यायचं नाही, अंगावरचं दूधच.

सोबत. संध्याकाळी पंधरा मिनिटं घराबाहेर, गल्लीच्या टोकापर्यंत. ती बोलली तर ऐका. नाही बोलली तर गप्प चाला.

नेहमीची चूक: मदत म्हणून बाळाचा पूर्ण ताबा घेणं. बाळ दिवसभर तुमच्या मांडीवर आणि आई रिकामी, असं चार दिवस चाललं की "माझी गरजच नाही" हा तिचा विचार घट्ट होतो. भांडी, कपडे, रांगा तुम्ही घ्या. बाळाची आंघोळ, मालिश तिच्या हाताने होऊ द्या, तुम्ही टॉवेल धरा.

## टप्पा ६: विचारायचे प्रश्न

तिसऱ्या-चौथ्या भेटीला, खोलीत दुसरं कुणी नसताना, दोन प्रश्न:

"गेल्या दोन आठवड्यांत मन उदास, खचल्यासारखं वाटलं का? किती दिवस?"

"पूर्वी आवडायच्या त्या गोष्टींत मन लागत नाही, असं झालं का? किती दिवस?"

एकाचंही उत्तर "अर्ध्याहून जास्त दिवस" असं आलं तर डॉक्टरकडे जायची तयारी सुरू करा. बाळंतपणानंतरचं नैराश्य चाचपणारी एडिनबर्गची दहा प्रश्नांची प्रश्नावली पुष्कळ ठिकाणी वापरतात. ती गेल्या सात दिवसांबद्दल विचारते, प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण, एकूण ३०. साधारण १३ किंवा जास्त आले तर आजार असण्याची शक्यता बरीच, १० किंवा जास्त आले तर लक्ष हवं. ती वापरायची असेल तर मराठी प्रत मानसोपचार विभागाकडूनच घ्या. घरी बसून भाषांतर केलं की प्रश्नाचा अर्थ सरकतो आणि गुणांना काही किंमत उरत नाही. आकडा म्हणजे निदान नव्हे, म्हणून आईला "तुम्हाला चौदा पडले" असं सांगू नका.

त्या प्रश्नावलीतला दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा आहे. तिथे शून्याच्या वर काहीही आलं की एकूण बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी पुढची हालचाल. प्रश्नावली वापरत नसाल तरी हा प्रश्न तोंडी विचारायचाच, सरळ शब्दांत: "ताई, कधी कधी इतकं थकायला होतं की जगूच नये असं वाटतं. तुम्हाला असं वाटलं का? बाळाला काही करावं, असा विचार आला का?" विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून सुटल्यासारखं वाटतं.

उत्तर हो आलं तर:

१. दचकू नका, पाप-पुण्य काढू नका. "सांगितलंत, बरं केलंत."

२. काही ठरवलंय का, आधी कधी प्रयत्न झाला होता का, हे विचारा.

३. तिच्यासमोरच, तिला सांगून घरातल्या एका विश्वासू माणसाला कळवा. ही एक बाब गुप्त ठेवायची नसते, आणि हे तिला पहिल्याच भेटीत सांगितलेलं असावं.

४. घरातल्या गोळ्या, फवारणीची औषधं कुलपात. किल्ली घराबाहेरच्या माणसाकडे.

५. एकटं सोडायचं नाही. १४४१६ ला फोन लावा, जाणकारांना कळवा, आणि ठरवलेलं काही असेल तर लगेच दवाखाना.

"पोलीस केस होईल" म्हणून घरचे लपवतात. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरतो आणि तिला शिक्षेऐवजी उपचार देण्याची जबाबदारी सरकारवर टाकतो. हे घरात शांतपणे सांगा.

इशारा: बाळाला इजा होईल अशी भीतीदायक चित्रं डोळ्यांसमोर येणं आणि त्यामुळे आईच घाबरून बाळापासून दूर राहणं, हे नैराश्यात-चिंतेत पुष्कळदा दिसतं. बाळाला संपवलं पाहिजे असं खात्रीने वाटणं वेगळं. हा फरक तुम्ही ठरवायचा नाही. दोन्ही डॉक्टरला सांगायचं. दुसऱ्यात मात्र तासही घालवायचा नाही.

## टप्पा ७: दवाखान्याचा दिवस

बहुतेक आया इथे गळतात, आणि ओपीडीच्या रांगेत गळतात. चार तास बाकावर, मांडीवर रडणारं बाळ, मग "पुन्हा नाही येत". म्हणून तीन माणसं लागतात: एक पहाटे जाऊन केसपेपर काढणारं, एक आईसोबत, एक बाळासाठी. आई नंबर जवळ आल्यावरच पोचली पाहिजे.

आदल्या रात्री पिशवी भरा: प्रसूतीचं डिस्चार्ज कार्ड, माता-बाल संरक्षण कार्ड, चालू गोळ्यांची पानं, आधार, पाणी, डबा, लंगोट, एक ओढणी जास्तीची. शिवाय एका कागदावर पाच ओळी: कधीपासून, झोप किती, जेवण कसं, मरणाचे विचार आहेत का, आणि पूर्वी स्वतःला किंवा घरात कुणाला असा आजार होता का. शेवटची ओळ विसरू नका. पूर्वी कधी अतिउत्साहाचे, कमी झोपेचे, उधळेपणाचे दिवस येऊन गेले असतील तर डॉक्टर औषध वेगळं निवडतात.

रक्ताच्या तपासण्यांबद्दल विचारा. हिमोग्लोबिन कमी असणं आणि बाळंतपणानंतर थायरॉईड बिघडणं, दोन्हींत थकवा आणि उदासी येते. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण जास्त आहे. त्याचा रिपोर्ट असेल तर पिशवीत टाका.

"भरती करतील आणि बाळ हिसकावून घेतील" ही भीती वाटेतच निघते. कायद्याप्रमाणे मानसिक आरोग्य संस्थेत भरती असलेल्या आईपासून तीन वर्षांखालचं मूल सहसा वेगळं करायचं नसतं. धोका असेल तरच, आणि तेही तात्पुरतं. शिवाय बहुतेकींना भरती लागतच नाही.

## टप्पा ८: औषध सुरू झाल्यावर

गट इथे सुटकेचा श्वास घेऊन पांगतो. खरं तर पहिले चार आठवडे सगळ्यात निसरडे.

गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, मळमळ किंवा डोकेदुखी मात्र पहिल्याच आठवड्यात येते. त्यामुळे घरात निष्कर्ष निघतो: "औषध बाधलं, बंद करा." पहिल्या आठवड्यात रोज एक छोटा फोन. गोळ्या मोजू नका, विचारा. दूध पाजताना चालतील अशी औषधं आहेत, पण कोणतं आणि किती हे डॉक्टरने ठरवायचं. पाजणं बंद करू नका आणि गोळीही बंद करू नका, आधी विचारा, एवढंच तुमचं वाक्य. बरं वाटू लागल्यावरही औषध साधारण सहा महिने चालतं आणि हळूहळू कमी होतं. एकदम थांबवलं की त्रास होतो.

तपासा: तिसऱ्या आठवड्यात विचार तेवढेच काळे, पण हालचालीत बळ आलंय, असं दिसलं तर भेटी कमी करू नका, वाढवा. डॉक्टरांना कळवा.

## टप्पा ९: वडील

दहा बापांमागे साधारण एकाला नैराश्य येतं, आणि बायको आजारी असेल तर शक्यता वाढते. ते रडत नाहीत. घरी उशिरा येतात, चिडतात, पिणं वाढतं, कामात बुडतात. घरी गाठून "कसं वाटतं?" विचारलं तर "काही नाही, ठीक आहे." गटातल्या पुरुषाने पानठेल्यावर किंवा गाडीवरून जाताना बोलावं, आणि त्याला नेमकं काम द्यावं: रात्री नऊ ते दोन बाळ त्याचं, केसपेपर त्याचा. "भाऊ, तुमची झोप होते का?" हा प्रश्न इथेही चालतो. टप्पा ६ चे प्रश्न त्यालाही विचारायचे, जगण्याबद्दलचा धरून.

## टप्पा १०: हात काढून घेणं

भेटी अशा उतरवा: सहा आठवडे आठवड्यातून दोनदा, पुढचे सहा आठवडे एकदा, मग महिन्यातून एकदा, बाळ वर्षाचं होईपर्यंत. शेवटची भेट चार आठवडे आधी सांगा. अचानक येणं बंद झालं की ती स्वतःलाच दोष देते.

दर पंधरवड्याच्या बैठकीत प्रत्येक जोडीने दहा मिनिटं स्वतःबद्दल बोलायचं: झोप उडाली का, घरी चिडचिड होते का. एखादीला त्या घरची स्वप्नं पडू लागली तर तिला ते घर बदलून द्या, समजावत बसू नका.

शेवटच्या भेटीत आईला एक कागद द्या: औषधाचं नाव आणि डोस, डॉक्टरचं नाव, परत त्रास झाल्यास पहिली तीन लक्षणं कोणती (हे तिनेच सांगायचं, तुम्ही लिहायचं), आणि कुणाला फोन करायचा. एकदा असं झालं की पुढच्या बाळंतपणात शक्यता वाढते, म्हणून पुढच्या वेळी नाव नोंदवतानाच डॉक्टरला सांगा, ही ओळ ठळक लिहा. तो कागद कुठे ठेवायचा ते तिलाच विचारा. माता-बाल कार्डात ठेवला तर सगळं घर वाचतं.

पुष्कळदा ती याच भेटीत म्हणते, "मलाही तुमच्यासोबत यायचं आहे." वर्षभर थांबायला सांगा. तोवर डब्यांच्या यादीत तिचं नाव घाला, मंगळवारची पोळी-भाजी तिची.